वरच्या फळीवरचे अकरा गठ्ठे

भोंगा लाँड्रीत शिरली तेव्हा दाराने भिंतीवर असा काही दणका दिला की दाराची घंटी निम्मीच वाजून खाली पडली.

"आत्याआजी! शुक्रवारी दगड कोरणार! आणि त्यावर काय लिहिणार माहितीये? 'अकरा अज्ञात सैनिक'! बावन्न वर्षं चौकातल्या लाकडी पाटीवर अज्ञात होते, आता दगडावर अज्ञात. म्हणजे कायमचे अज्ञात!"

आत्याआजीने इस्त्री उभी केली, चादरीची घडी घातली आणि मग वर पाहिलं. "आधी घंटी उचल."

भोंगा हे काही तिचं खरं नाव नव्हतं. ती जन्मली त्या दिवशी गावात हवाई हल्ल्याचा सराव चालू होता. नगरपालिकेच्या गच्चीवरचा भोंगा वाजला आणि ही पोरगी त्याच्यावर ताण करून रडली. दवाखान्यातल्या निम्म्या लोकांना वाटलं की दुसरा भोंगा बसवलाय. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिला त्या नावाची लाज वाटायची. ह्या वर्षी दहावीत आल्यापासून मात्र तिने ठरवून टाकलं होतं, नाव आहे तर वाजायचं.

गाव सीमेवरचं. सीमेवरचं म्हणजे इतकं सीमेवरचं, की नदीपलीकडच्या माणसाने छत्री उघडली तर इकडून रंग दिसावा. शंभर वर्षांत तीन सैन्यं इथे राहून गेली, पूल दोनदा उडाला आणि दोनदा बांधला. भोंगाची शाळा म्हणजे जुना घोडदळाचा तबेला. वर्गाच्या भिंतीत अजून लोखंडी कड्या होत्या आणि मुलं त्यांना दप्तरं अडकवायची. गावातल्या प्रत्येक घराची एखादी तरी भिंत बाकीच्या भिंतींपेक्षा तरुण होती. शेवटची लढाई बावन्न वर्षांपूर्वीची. पुलाजवळच्या चौकीत अकरा सैनिक होते. ते दोन दिवस पूल धरून बसले, गाव रिकामं होईपर्यंत. मग तोफेचा गोळा चौकीवर पडला. माणसं गेली आणि त्यांच्या नावांची एकुलती एक यादीही जळाली. ती माणसं वेगवेगळ्या पलटणींतून घाईघाईत गोळा करून पाठवलेली होती, त्यामुळे कोणत्या पलटणीने कोणाला पाठवलं याचा वर कोणालाच पत्ता लागला नाही. 'अज्ञात' लिहिलं आणि मोकळे झाले.

इतिहासाच्या बाईंनी गावाच्या लढायांवर प्रकल्प करायला सांगितला होता. बाकीच्यांनी पुलाची चित्रं काढली. भोंगाने चौकीची अकरा माणसं निवडली.

"अकरा माणसं," ती घंटी खिळ्याला अडकवत म्हणाली, "आणि एकाचंही नाव गावात कोणाला ठाऊक नाही. कमाल आहे की नाही?"

"अज्ञात कसली?" आत्याआजी म्हणाली. "त्यांचे कपडे आहेत की वर."

भोंगाच्या हातातून घंटी पुन्हा पडली.

आत्याआजी म्हणजे भोंगाच्या आजोबांची धाकटी बहीण. लढाईच्या वेळी ती सतरा वर्षांची होती आणि तेव्हाही ह्याच टेबलाशी इस्त्री करत होती. भाऊ पोतं घेऊन चौकीवर जायचा, मळके कपडे आणायचा, धुतलेले पोचवायचा. त्या शुक्रवारी कपडे धुऊन, इस्त्री करून, गठ्ठे बांधून तयार होते. शनिवारी पोचवायचे होते. शनिवारी पहाटे पहिला गोळा पडला.

गठ्ठे वरच्या फळीवर होते. अकरा. एकावर एक, पांढऱ्या कापडात. भोंगाने ते जन्मापासून पाहिले होते, जशी माणसं घरातला जिना पाहतात तसे, म्हणजे न पाहताच.

"लाँड्रीचा नियम आहे, ज्याचा कपडा त्यालाच. वाटायचा नाही, विकायचा नाही, फाडून फडकं करायचं नाही. दर वर्षी काढते, धुते, उन्हात घालते, इस्त्री मारते, परत ठेवते."

"बावन्न वर्षं?"

"मग? घेऊन जायला कोणी आलं असतं आणि चुरगळलेले दिले असते तर शोभलं असतं का?"

 

"पण मग तू कोणाला सांगितलं का नाहीस?"

"मला काय माहीत त्यांना नावं नकोयत की मिळत नाहीयत! मला वाटलं, लष्कराचे असतील, लष्कराला ठाऊक असतील. पाटीवर अज्ञात लिहायची त्यांची पद्धतच असेल."

मग आत्याआजीने ट्रंकेच्या तळातून एक गुंडाळी काढली. ती टेबलावर उलगडत गेली, उलगडत गेली, टेबल संपलं तरी उलगडतच होती. वीतभर रुंदीची कापडी पट्टी. तिच्यावर लाल दोऱ्याने शिवलेल्या खुणा होत्या. मासा, कंगवा, चंद्र, कात्री, किल्ली. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक खूण, आणि तीच खूण त्याच्या कॉलरच्या आत. खुणेशेजारी कापडाचा छोटा तुकडा टाचलेला, त्यावर धुतली तरी न जाणाऱ्या शाईने पूर्ण नाव. गिऱ्हाईक बदललं की जुन्या तुकड्यावर नवा तुकडा टाचायचा. काही खुणांवर तर पाच-सहा तुकडे चढून जाडजूड पापुद्रा झाला होता.

"चौकीवरची माणसं सारखी बदलायची," आत्याआजी म्हणाली, "म्हणून त्यांच्या खुणा खाटांना दिल्या होत्या. कंगवा म्हणजे दाराजवळची खाट. मासा म्हणजे तिच्या पलीकडची. त्या खाटेवर जो झोपेल त्याची ती खूण."

भोंगाने गठ्ठे एकेक करून उतरवले. कॉलर पाहायची, पट्टीवर खूण शोधायची, सगळ्यात वरच्या तुकड्यावरचं नाव लिहून घ्यायचं. पहिलं नाव वहीत उतरलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. पाचव्या नावाला ती नाचली. दहाव्याला गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं, एवढी ओरडली.

अकरावा गठ्ठा किल्लीचा होता. आत्याआजीने त्यातला शर्ट हातात घेतला आणि थबकली.

"किल्लीचं काहीतरी राहिलंय गं. खिडकीजवळची खाट... काहीतरी करायचं होतं मला..."

"काय राहायचंय? नाव आहे ना तुकड्यावर? मग झालं! अकरापैकी अकरा!" भोंगाने नाव लिहिलं, वही मिटली आणि आत्याआजीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

दुसऱ्याच दिवशी ती वही घेऊन स्मारक समितीच्या अध्यक्षांपुढे उभी राहिली. अध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि ते माणसांकडेही खिळ्यांकडे पाहावं तसंच पाहायचे, सरळ आहे की वाकडा. पण पट्टी पाहिल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. इतिहासाच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ठरलं की नावं नगरपालिकेच्या फलकावर लावायची, बुधवार संध्याकाळपर्यंत कोणाची हरकत आली नाही तर शुक्रवारी पाथरवट कोरायला घेईल.

"हरकत कोण घेणार?" भोंगा घरी येऊन म्हणाली. "मेलेली माणसं थोडीच उठून येणार आहेत!"

बुधवारी शाळा सुटल्यावर ती लाँड्रीत टॉवेलांच्या घड्या घालत होती, तेव्हा घड्याळवाले आजोबा आत आले. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. अंगाने इतके लहानखुरे की दुकानाच्या काउंटरमागे बसले की फक्त टक्कल आणि डोळ्याला लावलेलं भिंग दिसायचं. सगळं गाव त्यांना घड्याळवाले म्हणायचं. त्यांना काही दुसरं नाव असेल असं कोणाच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"या!" आत्याआजीला आश्चर्य वाटलं. "तुम्ही पहिल्यांदाच आमची पायरी चढलात हो. तुमच्याकडून कधी एक चादरसुद्धा नाही आली."

ते दाराशीच उभे राहिले. "फलकावरचं अकरावं नाव," ते म्हणाले, "माझं आहे."

"तुमच्या नात्यातलं कोणी?" भोंगाने विचारलं.

"नात्यातलं नाही. माझं. मी."

इस्त्रीखालच्या टॉवेलातून धूर निघाला तेव्हा कुठे आत्याआजी भानावर आली.

मग तुटक तुटक सगळं बाहेर पडलं. ते चौकीवर होते. खिडकीजवळच्या खाटेवर. लढाईच्या आधी दोन दिवस त्यांना कावीळ झाली, अंग पिवळंधमक पडलं, ट्रकमध्ये घालून मागच्या शहरात दवाखान्यात नेलं. परत आले तोवर चौकी नव्हती. सैन्यातून सुटल्यावर गावात आले, दुकान टाकलं, लग्न केलं. कोणाला बोलले नाहीत.

आत्याआजी मटकन खाली बसली. "नवा माणूस आला होता. भाऊ म्हणाला होता मला, खिडकीजवळ नवा माणूस, नाव विचारून आणतो, नवा तुकडा टाच. त्याच्या शर्टांना किल्ली शिवली मी. तुकडा मात्र... म्हटलं शनिवारी कपडे गेले की निवांत टाचेन." तिने कपाळावर हात मारून घेतला. "तुम्हाला कधी पाहिलंच नव्हतं मी. मी कॉलरी ओळखायचे हो, तोंडं नाही."

भोंगाने अकरावा गठ्ठा सोडला. किल्लीचा शर्ट उलगडून घड्याळवाल्यांच्या खांद्यांना लावला. बाह्या त्यांच्या बोटांच्या खाली हातभर लोंबल्या. असे दोन घड्याळवाले आत मावले असते. मापसुद्धा न बघता आपण जिवंत माणसाला दगडावर चढवायला निघालो होतो. काहीतरी राहिलंय म्हणून आजी सांगत होती आणि आपण वही मिटली. भोंगाचे कान तापले.

"नाव काढून टाका," घड्याळवाले म्हणाले. "एवढंच सांगायला आलो."

"पण तो कोण होता? तुमच्या जागी आला तो?"

त्यांनी शर्टाची बाही हळूच खाली सोडली. "दहा आहेत ना? दहा पुष्कळ झाले," म्हणाले आणि गेले.

दहा पुष्कळ झाले! भोंगा रात्रीचं जेवण जेवली ते अर्धं बोलत आणि अर्धं धुमसत. आई म्हणाली, "त्यांना त्रास देऊ नकोस." बाबा म्हणाले, "म्हातारा माणूस आहे." दोन्ही बरोबर होतं, हे भोंगाला कळत होतं. पण उद्याचा एकच दिवस हातात होता. परवा छिन्नी चालली असती आणि दहा नावांखाली त्या उंच माणसाच्या वाट्याला एकटं 'एक अज्ञात' आलं असतं, दहाजणांबरोबर पूल धरून बसूनही.

गुरुवारी दुपारी ती घड्याळाच्या दुकानात गेली आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. मांडीवर गठ्ठा.

"काय आहे?" घड्याळवाल्यांनी भिंग न काढता विचारलं.

"बसलेय."

"घड्याळ आणलंयस?"

"नाही."

"मग?"

"मग बसलेय."

भिंतीवरची पंधरा-वीस घड्याळं टिकटिकत होती, एकाचाही दुसऱ्याशी मेळ नाही. एक बाई येऊन गजर दुरुस्त करून घेऊन गेली. एक काका पट्टा बदलून गेले, जाताना म्हणाले, "आज भोंगा बिघडलाय वाटतं, दुरुस्तीला ठेवलाय?" भोंगा हसली नाही. तासभर गप्प बसणं हा तिच्या आयुष्यातला विक्रम होता आणि तिला तो वाया घालवायचा नव्हता.

शेवटी घड्याळवाल्यांनी भिंग काढलं.

"हट्टी आहेस."

"हो."

"काय ऐकायचंय तुला?"

"त्याचं नाव. माझे आजोबा गेल्यापासून गावात त्याला भेटलेलं दुसरं कोणीच नाही, आजोबा. आत्याआजीने फक्त कॉलर पाहिलीय."

त्यांनी समोरचं उघडं घड्याळ जवळ ओढलं. मग त्यातल्या चाकांनाच सांगत असल्यासारखं बोलायला लागले. "त्याच ट्रकमधून आला तो. तो उतरत होता, मला चढवत होते. ताडमाड उंच. शीळ घालत होता. मला म्हणाला, दोस्ता, खाट कशी आहे तुझी? मी म्हटलं, मस्त आहे, खिडकीशी आहे, वारा येतो, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस." त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. "गोळा खिडकीतूनच आला."

भोंगा काहीतरी बोलणार होती. तिच्याजवळ कालपासून पाठ केलेली वाक्यं होती, चांगली दणदणीत. त्यांतलं एकही इथे चालणार नाही हे तिला कळलं, आणि तिने नुसता गठ्ठा उचलून काउंटरवर, त्यांच्या हाताशी ठेवला.

"नाव..." त्यांनी ओठ हलवले. "बावन्न वर्षांत एकदाही तोंडातून..."

"एकदाही काय?" मागच्या खोलीच्या पडद्याआडून आवाज आला. घड्याळवाल्यांची बायको पदराला ओले हात पुसत बाहेर आली. "रोज घेता की. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. झोपेत म्हणता, खिडकीपाशी झोपू नकोस, आणि त्याला नावाने हाका मारता. मला माझ्या दिरांची नावं जेवढी पाठ नाहीत तेवढं हे पाठ आहे."

घड्याळवाले बायकोकडे बघतच राहिले. "तू कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही जागेपणी बोललात की बोलू, म्हटलं. तुम्ही बोलेचनात!" ती भोंगाकडे वळली. "काढ गं वही. लिही." आणि तिने नाव सांगितलं, घरातल्या एखाद्याचं सांगावं तसं.

भोंगाने लिहिलं. "आणि आडनाव?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान हलवली. "दोन मिनिटांची भेट. आडनाव कोण सांगतं?"

तासाभरात सगळी वरात नगरपालिकेत. पुढे भोंगा, मागे घड्याळवाले आणि त्यांची बायको, आणि वाटेत लाँड्रीला कुलूप घालून सामील झालेली आत्याआजी, काखोटीत पट्टीची गुंडाळी. पाथरवट तिथेच होता, दगडाचं माप बघत. घड्याळवाल्यांनी अध्यक्षांपुढे आपली जुनी लष्करी ओळखपुस्तिका ठेवली. ती त्यांच्या दुकानात भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाच्या पोटात होती, बायकोलासुद्धा न दाखवलेली. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. ह्या वेळी चाकांकडे न बघता.

अध्यक्षांनी नीट ऐकून घेतलं. मग घसा खाकरला. "साक्ष मान्य आहे. पण नुसतं पहिलं नाव? बाकी दहा पूर्ण नावांनी, आणि हा एक अर्धा? स्मारक आहे हे. शोभत नाही. त्यापेक्षा अज्ञात बरं."

"तुमच्या दुकानाच्या पाटीवर तरी तुमचं आडनाव कुठे आहे?" आत्याआजी म्हणाली. "'बंधू हार्डवेअर' एवढंच आहे. चालतंय की इतकी वर्षं!"

पाथरवट तोंड फिरवून हसला.

"तो विनोद झाला, आत्या. पण उद्या कोणी विचारलं तर..."

"तर सांगू!" भोंगाचा आवाज सबंध इमारतीत घुमला. टंकलेखन करणारी बाई थांबली. "अर्ध्या नावाने तो तिथे होता का? अर्ध्या नावाने नाही राहिला पूल धरून, सगळाच्या सगळा राहिला! आमच्याकडे अर्धं सापडलंय तर अर्धं लावू आणि बाकीचं शोधू. सापडलेलंसुद्धा फेकून द्यायचं, ही कुठली रीत?"

"आणि बाकीचं सापडलं नाही तर?"

"सापडेल."

"कशावरून?"

"आता वाढत वाढत अकरा झालेत. सोमवारी शून्य होते."

अध्यक्षांनी पाथरवटाकडे पाहिलं. पाथरवटाने खांदे उडवले. "मला काही अडचण नाही साहेब. नाव कोरतो, पुढे वीतभर जागा मोकळी सोडतो. तेवढा दगड घासायचा नाही, खडबडीतच ठेवतो. सापडलं की येईन, कोरून देईन."

अध्यक्षांनी भोंगाला आणि पाथरवटाला सरळ आहेत की वाकडे ते पाहिलं. मग कागदावर सही केली आणि म्हणाले, "पण पोरी, ही मोकळी जागा आता तुझ्या गळ्यात."

"चालेल," भोंगा म्हणाली.

घड्याळवाले पुढे झाले. "तिच्या एकटीच्या नाही."

त्याच संध्याकाळी लाँड्रीच्या टेबलावर तीन पत्रं लिहिली गेली, तीन पलटणींच्या दफ्तरखान्यांना. भोंगा सांगायची आणि घड्याळवाले लिहायचे, कारण त्यांचं अक्षर बारीक आणि देखणं होतं. पण दुसऱ्याच ओळीला त्यांनी तिला थांबवलं. "फार ओरडतंय तुझं पत्र. लष्कराला तारीख लागते, ट्रकचा नंबर लागतो." ट्रकचा नंबर त्यांना पाठ होता. आत्याआजीने शर्टाचं माप घालायला लावलं, कॉलर, बाही, छाती. "गोदामात कपडे मापाने देतात. एवढ्या उंचीचे किती असतील?" घड्याळवाल्यांच्या बायकोने पाकिटं चिकटवली. तिन्ही पत्रांखाली घड्याळवाल्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली हुद्दा. त्याखाली, थोडं थांबून, 'ह्या खाटेवर आधी असलेला'.

शुक्रवारी सकाळी चौकात छिन्नी वाजायला लागली. भोंगाची पहिली तासिका बुडाली आणि इतिहासाच्या बाईंनी ती बुडू दिली, कारण त्या स्वतःच चौकात होत्या. दुपार कलेपर्यंत अकरा ओळी झाल्या. दहा लांब, एक आखूड. आखूड ओळीपुढे दगड तसाच खरबरीत होता, आणि लोकांचं लक्ष बरोबर तिथेच जात होतं.

भाजीची पिशवी घेतलेला एक माणूस थांबला. त्याने त्या जागेवर बोट टेकवलं. "इथलं राहिलं वाटतं कोरायचं?"

भोंगाने उत्तर द्यायला छाती भरून श्वास घेतला. पण तिच्या आधीच बाजूला उभ्या असलेल्या लहानखुऱ्या माणसाने टोपी काढली.

"आडनाव राहिलंय त्याचं," घड्याळवाले म्हणाले. "माझ्या जागी आला होता तो. पत्रं टाकलीत आम्ही. तुमच्या ओळखीचं कोणी आहे का हो जुन्या पलटणीतलं?"

माणसाने पिशवी खाली ठेवली आणि आठवायला लागला.